कुऱ्हाड एकाच्या हाती, गाडी दुसऱ्याची

(पुणे येथे आदिवासी सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)





मागच्या वर्षी याच मेळाव्यानंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेतले. ते कित्येक वर्षे आपल्या मुलांच्या वसतिगृहासाठी न चुकता देणगी देत आले आहेत. ते म्हणाले, "रागावू नका, पण मनातले विचारतो. जंगल तोडतात ते आदिवासीच ना? पेपरात पकडलेल्यांचा फोटो येतो, तोही त्यांचाच असतो. मग जंगल त्यांच्या हवाली करा, असे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता?"

चहा संपेपर्यंत मला नीट उत्तर देता आले नाही. घरी जाताना बसमध्ये उत्तर सुचत गेले, जसे नेहमी होते. ते बंधू आज इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत. म्हणून आजचे माझे बोलणे म्हणजे त्यांना वर्षभर उशिरा दिलेले उत्तर आहे. तुम्ही सर्वांनी ते ऐकावे, एवढीच विनंती.

गाडी कुणाची होती?

भोरच्या पुढे डोंगराच्या कडेला एक कातकरी वाडी आहे. तिथल्या एका मावशींचा मुलगा खैराच्या ओंडक्यांसह पकडला गेला होता. मी त्यांच्या झोपडीपुढे बसलो होतो. मला वाटले, मावशी म्हणतील की माझा मुलगा निर्दोष आहे. पण त्या तसे काही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तोडलं त्यानं, व्हय. म्या खोटं कशाला बोलू? पन गाडी कुनाची व्हती, ते कुनी इचारलं का?"

त्या रात्रीच्या कामाचे मुलाला जे मिळायचे होते, ते दोन दिवसांच्या मजुरीइतकेच होते. तेही हातात पडले नाही. गाडी आली होती, माल भरायला माणसे आली होती, पुढे माल घेणारा कुणीतरी होताच. पकडला गेला तो कुऱ्हाडवाला. पुढे प्रत्येक तारखेला एसटीचे भाडे आणि एका दिवसाचा बुडालेला रोजगार. ज्याची गाडी होती, त्याचे नावही मावशींना ठाऊक नव्हते. "शेठ" एवढेच ठाऊक होते.

मुलाने केले ते बरोबर होते, असे मी म्हणत नाही. मावशीही म्हणत नव्हत्या. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून विसरू शकलेलो नाही, कारण बेकायदा वृक्षतोडीचा सगळा धंदा त्या एका प्रश्नात येतो.

आणि यात एक कडू गंमत आहे. 'कातकरी' हे नावच मुळी काथावरून आले आहे. खैराच्या झाडाच्या आतले लाल लाकूड, म्हणजे गाभा, तासून त्याचे तुकडे पाण्यात उकळतात, तो काढा आटवतात आणि थंड झाल्यावर जे थिजते तो काथ. आपल्या पानाला रंग आणतो तो हाच. हे काम करणारे ते काथकरी, काथोडी. पुढे कायद्याने खैर त्यांच्यासाठी बंद झाला. कौशल्य गेले, काथाचा व्यापार दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि ज्या झाडाने त्यांना नाव दिले, त्याच झाडाचे चोर म्हणून त्यांचे फोटो छापून येऊ लागले.

चोरीच्या वाटा

बेकायदा तोड म्हणजे रात्री कुऱ्हाडीचा आवाज, असे आपल्याला वाटते. तशी तोड होतेच. कोकणात आणि नाशिककडच्या सुरगाणा, पेठ या भागांत खैर जातो. गडचिरोलीत आलापल्ली, सिरोंचा भागातले सागवान फार नावाजलेले आहे. तिथे प्राणहिता आणि गोदावरी या नद्या राज्याची सीमा आहेत. ओंडके बांधून पाण्यात सोडले की पलीकडे दुसरे राज्य. वनरक्षक बिचारा एकटा, हातात काठी, आणि राखायचे जंगल एवढे की एका दिवसात त्याची एक कडही फिरून होत नाही. या लोकांवर हल्ले होतात, काहींनी जीवही गमावला आहे. आज मी वनखात्यावर टीका करणार आहे, म्हणून आधीच सांगतो: त्या खाकी कपड्यातल्या माणसासाठीही आपण प्रार्थना केली पाहिजे.

पण दुसरी वाट दिवसाउजेडी चालते आणि तिथे आवाज कुऱ्हाडीचा नसतो, कागदाचा असतो. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरच्या झाडांना मालकीची झाडे म्हणतात. ती परवानगी घेऊन तोडता येतात, आणि माल हलवायला वाहतूक परवाना मिळतो. आता समजा, परवाना निघाला दहा झाडांचा. शेतातली दहा तोडली आणि शेजारच्या सरकारी जंगलातली आणखी काही त्याच कागदावर गेली, तर ट्रकमधल्या ओंडक्याकडे पाहून कोण सांगणार, हा शेतातला की जंगलातला? म्हणून ओंडक्यांवर हातोड्याने शिक्का मारण्याची पद्धत आहे. पण शिक्का मारणारा हात विकला गेला की शिक्क्याला किंमत उरत नाही.

यात नागवला जातो तो झाडांचा मालकच. सणाला पैसे हवेत, घरात आजारपण आहे, अशा वेळी ठेकेदार येतो, चार पैसे हातावर ठेवतो, आणि पन्नास वर्षांचा साग घेऊन जातो. हे इतके सर्रास होते की १९६९ साली आपल्या राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीवर नियमन ठेवणारा. कायदा आहे. तो ज्याच्यासाठी केला, त्याला तो ठाऊक नाही.

तिसरी वाट कोळशाची. आपल्या पुणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या कातकरी कुटुंबांना ही वाट फार ओळखीची आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा उचल घ्यायची. पावसाळा संपला की बायकामुलांसह भट्टीवर जायचे. झाडे तोडायची, रचायची, मातीने लिंपायची, आग लावायची आणि रात्रंदिवस तिच्यावर नजर ठेवायची. परत यायचे ते उन्हाळ्याच्या शेवटी. हिशेबात उचल फिटलेली नसते. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. शाळेतून नाव जाते ते या महिन्यांत. आपले वसतिगृह नेमके कशासाठी आहे, असे कुणी विचारले तर मी भट्टीकडे बोट दाखवतो.

पवित्र शास्त्रातली नाबोथाची गोष्ट तुम्हां सर्वांना पाठ आहे. आपल्याला वाटते, अहाब राजाने मळा बळकावला तो तलवारीच्या जोरावर. पुन्हा वाचून पाहा. ईजबेलेने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर केली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि गावच्या वडिलांकडून रीतसर निकाल लावून घेतला. कागद पूर्ण होता. फक्त नाबोथ मेला होता.

जंगल परके कसे झाले

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे असेल, पण गावकऱ्यांनी आपल्याच जंगलाची चोरी होऊ का दिली? याला उत्तर आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपल्या मुलखात झाड राखण्याची समज इंग्रजांनी आणलेली नाही. गावोगावच्या देवराया पाहा. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानातली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नसे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. आपली श्रद्धा वेगळी असेल, पण ज्याने ते झाड राखले त्याचे उपकार आपण पाण्याच्या प्रत्येक घोटाबरोबर घेतो. आणि रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पाहा. आरमाराला लाकूड लागते, हे तिथे मान्य आहे. पण आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. नगराला वेढा घालतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे, हे तुम्हांला आठवत असेलच. दोन्हीकडे समज एकच आहे: गरज राजाची असली तरी झाडामागे कुणाचे तरी कष्ट आणि पोट आहे.

इंग्रजांना जहाजांसाठी सागवान हवे होते आणि पुढे रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये तो कडक झाला, आणि १९२७ चा भारतीय वन कायदा तर आजही चालू आहे. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारली, फाटा आणला, मध काढला, ते रान एका अधिसूचनेने राखीव झाले. याच पुण्यात बसून महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात त्यांनी जंगलखात्याने गरिबांची गायराने गिळल्याची तक्रार केली आहे. पुढे १९३० साली जागोजागी जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पडलेल्या हुतात्म्यांमध्ये एक नाव आहे नाग्या कातकरी. जंगलावरच्या हक्कासाठी जीव देणाऱ्याचे हे नाव आपण वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाला शिकवतो.

स्वातंत्र्य आले, पण जंगलाचा सातबारा बदलला नाही. आता विचार करा. घरमालक म्हणतो की हे घर तुझे नाही, तू फक्त इथे राहतोस, आणि चूल पेटवलीस तर दंड. अशा घरात चोर शिरला, तर भाडेकरू जिवावर उदार होऊन चोराला अडवील का? तो म्हणेल, ज्याचे आहे तो बघून घेईल. गावे असेच म्हणू लागली. जंगल 'सरकारी' झाले आणि त्याच दिवशी ते बेवारस झाले. मग ठेकेदाराला फार कष्ट उरले नाहीत.

मेंढा गावाची गोष्ट

आता त्या बंधूंच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. जंगल गावाच्या हवाली केले तर काय होते?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे शंभरएक घरांचे गोंड गाव आहे. शेजारचे लेखा गाव धरून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ऐंशीच्या दशकात त्या भागात मोठ्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यात हे गाव होते. धरणे थांबली, पण गावाला एक प्रश्न पडला: बाहेरच्यांना थांबवले, आता आपण आपल्या जंगलाचे काय करतो?

गावाने अभ्यासगट सुरू केले. देवाजी तोफा हे गावचेच, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन त्यांच्यासोबत बसणारे मित्र. निर्णय मतदानाने घ्यायचा नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलायचे, असे ठरले. एक जण जरी अडला तरी पुन्हा बसायचे. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभा आठवल्या की मला याचे मोल अधिक कळते. दारू बंद झाली. जंगलात कुणीही, अगदी सरकारी माणसानेही, ग्रामसभेला विचारल्याशिवाय काम करायचे नाही, असा नियम झाला. मध काढताना मधमाश्या मरणार नाहीत अशी रीत शिकून घेतली. राखणीला गावकरी पाळीपाळीने जाऊ लागले. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा पुढे देशभर गेली. लक्षात घ्या, यात सरकार नाकारलेले नाही. सरकार दोन्हीकडे आमचेच आहे, असे म्हटले आहे.

मग २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. या कायद्याची चर्चा होते ती कसणाऱ्याच्या जमिनीपुरती. पण त्यात दुसरा, माझ्या मते अधिक मोठा हक्क आहे: सामूहिक वनहक्क. गाव ज्या जंगलावर पूर्वापार जगत आले, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा व्यवहार पाहण्याचा हक्क. या हक्कासोबत जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याची जबाबदारीही कायद्याने ग्रामसभेवर टाकली आहे. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक.

तरी अडचण संपली नव्हती. बांबू आमचा, पण तो गावाबाहेर न्यायला परवाना कुणाचा? वनखात्याचा. म्हणजे तिजोरी तुमची आणि किल्ली माझ्याकडे. गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बारीकशी वही, पण दीडशे वर्षांनी किल्ली परत मिळाली. २०१२ मध्ये तर नियमच बदलले आणि गावाच्या समितीला परवाने देण्याचा अधिकार मिळाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला याहून अधिक आवडते. त्यांनाही २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. तेंदूपत्ता हे तिकडचे हमखास रोख उत्पन्न. पण चांगली पाने यावीत म्हणून फांद्या छाटतात, जंगलात आग लावतात. पाचगावच्या लोकांनी आपसांत विचार करून तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडून दिले आणि बांबूवर भर दिला. जंगलाचा एक भाग तर त्यांनी कुणीच हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला. हातातला पैसा सोडायला कुणी त्यांना भाग पाडले नव्हते. जे आपले आहे, त्याच्या उद्याची काळजी माणूस करतो, एवढेच.

एवढे लांब जायलाही नको. आपल्या जिल्ह्यात आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी लोक उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. घरोघर त्यावर वर्षाचे मीठ-मिरची आणि लेकरांची वह्या-पुस्तके निघतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे पडली, तेव्हा माणूस गेल्यासारखी कळा त्या घरांवर आली होती. जे झाड दर वर्षी घराला खाऊ घालते, त्यावर त्या घरातली कुऱ्हाड सहजी चालत नाही. झाड राखायचे असेल तर ज्याच्या दारात ते उभे आहे, त्याच्या ताटात त्याचे काहीतरी पडले पाहिजे.

शंका रास्त आहे

बंधूंनो, मी तुम्हांला रंगवून चित्र दाखवणार नाही. प्रत्येक गाव मेंढा नाही. हक्काचा कागद मिळाला आणि तिथेच गाव झोपले, असे झाले आहे. काही ठिकाणी ठेकेदाराने ग्रामसभेच्या चार पुढाऱ्यांना हाताशी धरले आणि बांबू, तेंदूच्या पैशात गडबड झाली. जमीन मिळेल या आशेने नव्याने रान साफ केल्याच्याही तक्रारी आहेत. कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख घातली आहे, त्यानंतर मोडलेल्या रानावर हक्क मिळत नाही. हे लोकांना स्पष्ट सांगणे आपलेही काम आहे, आणि आम्ही ते सांगतो, कधी कधी शिव्या खाऊनसुद्धा.

आदिवासी आहे म्हणून माणूस आपोआप पवित्र होत नाही, जसे आपण मंडळीत बसतो म्हणून होत नाही. म्हणून 'जंगल आदिवासींच्या हवाली करा' एवढेच बोलून भागत नाही. हिशेब सर्वांपुढे वाचला जाणारी ग्रामसभा हवी, तिच्यात बायका बोलत्या हव्यात, आणि गस्तीवरच्या वनरक्षकाला गावाची साथ हवी. एकटे खाते जंगल राखू शकले नाही, हे आपण पाहिले. एकटे गावही कदाचित राखू शकणार नाही. ट्रक अडवायला कायद्याचे बळ लागते, आणि ट्रक कधी येतो हे फक्त गावाला ठाऊक असते.

आणि आमच्या कातकरी वाड्यांचे दुखणे तर आणखी वेगळे आहे. केंद्र सरकारने राज्यातल्या ज्या तीन जमाती अतिशय दुर्बल मानल्या, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. कित्येकांकडे जातीचा दाखला नाही. झोपडीखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. दाव्यासाठी पुरावा मागतात तेव्हा ते हात जोडतात. त्यांना ठाऊक नसते की गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हासुद्धा नियमाप्रमाणे पुरावा धरला जातो. वर सांगितलेल्या मावशींना मी हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "माजं बोलनं कागदावर? आन ते सायेब वाचनार?" वाचावेच लागेल, मावशी.

पुण्यात बसून काय करता येईल

आता आपल्याकडे येऊ. आपण बसलो आहोत ती बाके सागवानी आहेत. देवाच्या मंदिरासाठी शलमोनाने लबानोनाचे गंधसरू आणवले, तेव्हा लाकूडतोड्यांच्या पाळ्या लावल्या होत्या, हे शास्त्रात नोंदलेले आहे. आपल्या बाकांसाठी कुणी घाम गाळला, याची नोंद कुठे नाही. ती मी आज मागत नाही. पण पुढच्या वेळी सुताराला विचारू शकतो.

एक: लाकूड घेताना पक्के बिल मागा, आणि माल कुठून आला ते विचारा. वनखात्याच्या आगारातून लिलावात घेतलेल्या मालाला कागद असतो. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त सागवान कुणी देत असेल, तर फरक कुणीतरी दुसऱ्याने भरलेला असतो. आपल्या शहरात जुने वाडे पडतात, त्यांचे तुळई-खांब टिंबर मार्केटमध्ये मिळतात. शंभर वर्षे मुरलेले लाकूड नव्यापेक्षा वाईट नसते.

दोन: लग्नाच्या पंगतीत तंदूर पेटतो, गच्चीवर आपली तरुण मंडळी बार्बेक्यू करतात. कोळसा कुठल्या भट्टीचा, हे केटररला एकदा विचारा. त्याला उत्तर येणार नाही. पण दहा जणांनी विचारले तर तो पुढे विचारील.

तीन: प्रवासात रात्री-अपरात्री लाकडाने भरलेली संशयास्पद गाडी दिसली, तर स्वतः अडवायला जाऊ नका. नंबर, जागा आणि वेळ टिपून ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गाडीचा नंबर सांगा. कुऱ्हाडवाला आपोआप सापडतो, सापडत नाही ती गाडी.

चार: आपल्या सोसायटीतले झाड. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. पार्किंगसाठी परस्पर झाड कापून वर गडचिरोलीच्या जंगलाबद्दल हळहळणे शोभत नाही.

पाच, आणि हे मागणे आहे. तुम्ही वसतिगृहाला देता, ते देत राहा, कारण त्यामुळे एक मूल भट्टीपासून वाचते. पण यंदा थोडे दाव्यांच्या कामासाठीही द्या. त्यात दाखवायला इमारत नाही, फोटो काढायला नवा गणवेश नाही. झेरॉक्स, नकाशे, तालुक्याला जाण्याचे एसटी भाडे, बुडालेल्या मजुरीचे पैसे, एवढाच खर्च आहे. आणि पैशापेक्षा मोठे दान हवे आहे. आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी आहेत, तहसील कचेरीत नोकरी केलेले आहेत, वकील आहेत, सर्वेक्षण शिकणारी मुले आहेत. महिन्यातला एक शनिवार वाडीवर द्या. अर्ज कसा लिहायचा, कुणाची पोच घ्यायची, नामंजूर झाला तर अपील किती दिवसांत करायचे, हे तुम्हांला येते. त्यांना शिकवा. नाबोथाच्या गावात कागद वाचू शकणारे आणि खरे बोलणारे चार जण उभे राहिले असते, तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

दुसऱ्या रांगेतल्या माझ्या बंधूंना आता थेट सांगतो. होय, काही वेळा झाड आदिवासीच तोडतो. तुमचे म्हणणे खोटे नव्हते, अपुरे होते. कुऱ्हाड त्याच्या हाती दिसते, कारण आपण तिथेच पाहतो. गाडी कुणाची, माल कुणाकडे गेला, आणि शेवटी तो कुणाच्या घरात पोहोचला, इथवर पाहिले तर रस्ता डोंगरातून निघून आपल्या पेठांत आणि सोसायट्यांत येतो. त्याच रस्त्याने आपण उलट जाऊ या, त्या मावशींच्या वाडीपर्यंत. त्यांचा जबाब अजून लिहून घ्यायचा आहे. त्यांना लिहिता येत नाही, आणि त्यांचे वय झाले आहे. पावसाळ्याआधी कुणीतरी जायला हवे. माझ्याबरोबर कोण येते, ते चहाच्या वेळी सांगा.

प्रभू तुमचे कल्याण करो.